सर ‘सोडा’ म्हणेपर्यंत

या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “गयाबाई, इतकी वर्षं तुम्ही विमानांमध्ये काढलीत. आकाशाविषयी लिहा.” मी म्हटलं, आकाशाचं मला काही ठाऊक नाही. माझी नोकरी जमिनीवरची होती. विमान उडालं की माझं काम संपायचं. उडालेल्या विमानाकडे तोंड वर करून बघत उभी राहिलेली बाई आमच्याकडे कामचुकार समजली जायची. सगळ्या नोकरीत मी एकदाच जमिनीवरून उचलली गेले, आणि तेव्हा विमान जागेवर उभं होतं.

“उभं विमान कसं उचलेल?” बाईंनी विचारलं. म्हटलं, चहा घ्या. तेच लिहून देते.

क्लबाचं नाव सांगणार नाही. क्लब बंद पडला, पण सभासद अजून हिंडते-फिरते आहेत, आणि पुण्यातला निवृत्त माणूस दुसऱ्याची चूक दाखवणारं पत्र लिहायला टपलेलाच असतो. विश्रांतवाडीत माझं घर, तिथून सायकलवर जाण्यासारखं अंतर होतं, एवढं पुरे. लोकांना उडायला शिकवायचा क्लब. मातीची धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, बाजूला गवत. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि गळ्यात पट्टे अडकवलेली मुलं आत-बाहेर करत असतात. गवत आहे, पण ते कुंडीत.

मला ती नोकरी वजनावर मिळाली. यात विनोद काही नाही. नवरा वारल्यावर गवत कापायचं काम मिळतं का बघायला मी गेले होते. दारात पटवर्धन सर उभे होते. हे क्लबाचे उडायला शिकवणारे मास्तर. किडकिडीत, ताठ, शर्ट कायम खोचलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी मनात म्हटलं, हा माणूस तसला दिसतोय, आणि पदर खोचला. तर म्हणाले, “अहो बाई, रागावणार नसाल तर एक विचारतो. आपलं वजन किती?”

“मुलगी बघायला आलात काय?”

“नाही. विमानाच्या शेपटीवर टाकायला माणूस हवाय. आत्ता आहे तो फार हलका पडतो.”

त्यांनी मला आत नेलं. पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. काटा बघून त्यांचा चेहरा असा उजळला की तसा माझ्या नवऱ्याचा मला बघून कधी उजळला नव्हता. “उद्यापासून या,” म्हणाले. “गवतही कापावं लागेल. पण ते काय, कुणीही कापतं.”

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं समजावून सांगते. तुम्ही लोहगावच्या विमानतळावर बसता ते विमान म्हणजे इमारत. आमची विमानं दोन माणसांची. लाकूड, नळ्या आणि वरून ताणून चिकटवलेलं कापड. सगळं मिळून वजन एका चांगल्या खिल्लार बैलाएवढं. पुढे दोन चाकं, शेपटीखाली एक बारकं, त्यामुळे जमिनीवर उभं असताना ते कायम नाक वर करून बसायचं, लग्नातल्या व्याह्यासारखं. पंख अशा वेळी तिरके होतात, वाऱ्याला पोट दाखवतात. आणि पंखाला अक्कल नसते. विमान धावतंय की वारा धावतोय हे त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आपल्यावरून वारा चाललाय, म्हणजे आता उडायचं. आत पायलट आहे की नाही हे तो बघत नाही.

म्हणून विमान बाहेर असताना वारा सुटला की ते धरावं लागतं. पंखाखालून अंगाला तिरकी दांडी आलेली असते, तिला एकेका बाजूने माणूस लटकतो. शेपटीवर एक जड माणूस आडवा पडतो, तो मी. आणि एक जण आत बसून विमान हाकायचा दांडा आवळून धरतो, ते बहुधा सर. असं धरून धरून आम्ही विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत चालवत न्यायचो. मग सर आतून ओरडायचे, “सोडा!” की आम्ही सगळे एकदम बाजूला. एकदम, हे महत्त्वाचं. माझ्या आधी एक गडी होता, त्याने तंबाखू मळायला आपल्या बाजूची दांडी मध्येच सोडली. दुसऱ्या बाजूच्याने धरून ठेवली होती. विमान एका पंखावर उठलं आणि पालथं झालं. तेव्हापासून सरांचा नियम होता. “धरा” कुणीही म्हणावं. “सोडा” फक्त सर म्हणणार, आणि ते म्हणेपर्यंत अंगावरून साप गेला तरी हात काढायचा नाही.

सर ‘सोडा’च म्हणत. ‘सोड’ असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही. अहो-जाहो त्यांच्या जिभेला चिकटलेलं होतं. हँगरमध्ये कुत्रं शिरलं तर म्हणायचे, “अहो, बाहेर व्हा.” आणि कुत्रं जायचं. मला वाटतं, त्याला दुसरीकडे कुठे एवढा मान मिळत नसावा.

मी लागले तेव्हा क्लबाची तीन विमानं होती. त्यातली दोन माझ्या काळात वाऱ्याने नेली, आणि दोन्ही वेळा विमान जमिनीवर होतं.

पहिलं गेलं ते धोंडिबामुळे. धोंडिबा आमचा रखवालदार, शेजारच्या गावचा, घरी शेती आणि बैल. हा गडी पहिलं वर्षभर माझ्या हातचा चहा प्यायचा नाही. “आत्ताच घिऊन आलोया,” म्हणायचा. वारा सुटला की मात्र माझ्या खांद्याला खांदा लावून शेपटीला लटकायचा. वाऱ्यात विटाळ नव्हता, वारा पडला की होता. पुढे प्यायला लागला. त्यात मनपरिवर्तन वगैरे काही नाही, मी साखर जास्त घालायचे.

तर रात्रीपुरतं विमान बाहेर ठेवायचं असलं की जमिनीत तीन मेखा ठोकून त्याला दोऱ्यांनी बांधतात. धोंडिबाने एकदा बांधलं. गाठी बघून सरही खूष झाले, इतक्या सुरेख होत्या. पण याने जन्मभर बैल बांधलेले. बैलाला दावं सैल ठेवतात, म्हणजे त्याला बसता-उठता येतं, मान वळवता येते. याने विमानालाही हात-दीड हात सैल सोडलं. पहाटे वावटळ आली. दोरी ताणलेली असती तर विमान नुसतं थरथरलं असतं. सैल होती म्हणून ते आधी उचललं, मग हिसका बसला, परत उचललं, परत हिसका. चौथ्या-पाचव्या हिसक्याला पंखाची कडी तुटून आली आणि विमान पाठीवर.

सर त्या पालथ्या विमानाभोवती फिरले. धोंडिबाला म्हणाले, “धोंडिबा, आपण दोरी सैल का ठेवली?”

“मुकं जनावर हाय सर,” धोंडिबा म्हणाला. “रातीचं बसावंसं वाटलं तर?”

सर हँगरमागे जाऊन बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं रडतायत. जाऊन बघते तर हसत होते, तोंडावर रुमाल धरून.

दुसरं गेलं ते हाडांच्या एका डॉक्टरमुळे. शिकायला यायचे. हात चांगला होता, पण त्यांना आम्ही दांडी धरून सोबत चाललेलं खपायचं नाही. “मी काय म्हातारा आहे, दोन्ही बाजूंनी धरून न्यायला?” म्हणायचे. त्या दिवशी वारा आडवा होता. आडव्या वाऱ्यात या विमानाची खोड अशी की ते तोंड वाऱ्याकडे वळवायला बघतं. सर ‘सोडा’ म्हणायच्या आतच डॉक्टरांनी आम्हाला हाताने ढकलून लांब केलं, थोडे पुढे गेले, आणि विमान गर्रकन वळलं. एक चाक दुमडलं, पंख जमिनीवर घासला आणि मधोमध मोडला. डॉक्टर उतरले. मोडलेल्या जागी दोन बोटं फिरवली. म्हणाले, “कॉम्पाउंड फ्रॅक्चर.”

सर म्हणाले, “प्लास्टर आणलंय का आपण?”

क्लबाची सोडून एक विमान मात्र मला विसरता येत नाही, ते पाइपवाल्या शेठचं. तेव्हा पुण्यात पैसा नवा नवा येत होता. आदल्या वर्षापर्यंत स्कूटरसाठी नंबर लावून बसलेली माणसं परदेशातून काय काय मागवायला लागली होती. शेठचा प्लास्टिकच्या पाइपांचा कारखाना. त्यांनी स्वतःचं विमान आणलं. पांढरंशुभ्र, पत्र्याचं, आरशासारखं. आमच्याकडे ठेवायला दिलं आणि बजावलं, दोऱ्या बांधायच्या नाहीत, रंग जातो.

त्याची पूजा ठेवली. मांडव, गुरुजी, पेढे, विमानाच्या नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार. मोठा पुढारी बोलावला होता, तो हेलिकॉप्टरने येणार. सर शेठला म्हणाले, “हेलिकॉप्टर लांब उतरवायला सांगा.” शेठ म्हणाले, “साहेबांना चालायला लावू?”

हेलिकॉप्टरचा वारा वरून खाली पडतो आणि मग जमिनीवरून चारी बाजूंना पळत सुटतो. पहिला मांडव गेला. मग गुरुजींचं ताम्हन, सुपाऱ्या, तांदूळ. गुरुजी हुशार, ते आधीच गेले. मी आणि धोंडिबा विमानाकडे धावलो, पण त्याला धरायला बाहेरून दांडीच नव्हती, एवढं ते गुळगुळीत. त्याने एक पंख वर केला, आशीर्वाद देतात तसा, आणि सावकाश उताणं झालं. हार पंख्यावर तसाच.

पुढारी उतरला. विमानाकडे पाहून म्हणाला, “हे असंच ठेवतात काय?”

“नाही साहेब,” सर म्हणाले. “आपण आलात म्हणून.”

सरांना अशी वाक्यं भोवायची. त्या पुढाऱ्याच्या ओळखीतलाच एक माणूस पुढे क्लबाच्या कमिटीत आला. आजूबाजूच्या गावांतल्या जमिनी एकेक करून बिल्डरांकडे चालल्या होत्या, आणि आमची धावपट्टी म्हणजे भाकरीच्या परातीत मधोमध राहिलेला लोण्याचा गोळा. कमिटीने सरांना तोंडावर सांगितलं: आहे ते एक विमान आहे तोवर क्लब आहे. त्याला काही झालं तर नवीन घेणार नाही, कुलूप लावू.

ते एक विमान म्हणजे म्हातारी. पिवळी, कापडाची, ठिगळं पडलेली. सर स्वतः तिच्यातच उडायला शिकले होते. ती गेली की मी घरी, धोंडिबा घरी आणि सर कुठेच नाही. सरांना घर होतं, पण तिथे ते झोपायला तेवढे जायचे. मला दुसरं काम मिळालं असतं, गवत सगळीकडे असतं. सरांच्या वयाच्या मास्तराला दुसरा क्लब कुणी देत नव्हतं. म्हणून आम्ही म्हातारीला जपायचो. वारा जरा हलला की आत.

वारा बघायला काठीवर एक नारिंगी कापडी पिशवी असते, दोन्हीकडून उघडी. तिला आम्ही धोंडिबाचा लेंगा म्हणायचो. लेंगा फुगला की तोंड कुठे आहे ते बघायचं, विमान तिकडे वळवायचं. वारा समोरून घेतला तर दोन-चार माणसांत निभावतं. मागून आला तर शेपटी उचलतो आणि विमान नाकावर उभं करतो. आणि वळवाचा वारा समोरून आलो म्हणतो आणि मागून येतो. नावच त्याचं ते.

क्लब चालेना तेव्हा मैदान भाड्याने द्यायला सुरुवात झाली होती. वैशाखात हिंजवडीच्या एका कंपनीची सहल आली. पंचवीस-तीस मुलंमुली, एक मोठी बस. एकमेकांच्या शेजारी बसून काम करतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून कंपनीने खर्च करून त्यांना बोलायला आणलं होतं. दोरीखेच झाली, पोत्यातल्या उड्या झाल्या. ज्या खेळांसाठी आम्हाला लहानपणी मार पडायचा ते खेळ त्यांना मोठेपणी पगारात मिळत होते. मुलं चांगली होती. मला मावशी म्हणायची आणि जेवल्यावर ताटली स्वतः उचलायची.

दुपारनंतर त्यांना विमानाबरोबर फोटो हवा होता. हँगर गंजलेलं, ते फोटोत नको, म्हणून म्हातारीला मैदानाच्या पार मध्यात नेली. मी गवत कापून ढीग लावून ठेवलं होतं त्याच्यापाशी. सरांनी आकाशाकडे बघितलं. त्यांना आवडलं नव्हतं, पण भाडं देणाऱ्याला नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

फोटो चालला होता तेवढ्यात लेंगा पडला. एकदम मेल्यासारखा. मी सरांकडे बघितलं, सर माझ्याकडे. पूर्वेकडे जमिनीपासून वरपर्यंत तांबडी भिंत उभी राहिली होती, धुळीची.

“आत नेऊ?” मी विचारलं.

“पोचणार नाही,” सर म्हणाले. “मी आत बसतो. गयाबाई, मुलांना घ्या.”

ते टुणकन चढले, पट्टे आवळले, दांडा पोटाशी धरला. मी आणि धोंडिबाने म्हातारीचं तोंड पूर्वेला फिरवलं. मग मी ओरडले, “या सगळे. पंखाखालच्या या दांड्या धरा आणि लटका. कापडाला हात लावायचा नाही, फाटतं. चार जण माझ्याबरोबर शेपटीवर या. सर ‘सोडा’ म्हणेपर्यंत कुणी सोडायचं नाही.”

“सोडा? कुठला, लेमन सोडा?” एक मुलगा म्हणाला. निखिल त्याचं नाव. लांब हात, कानात मोबाइलची वायर. सकाळपासून ती वायर मी काढलेली बघितली नव्हती. सगळे हसले. पण आले सगळे, एकही मागे राहिला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना नावं ठेवेल.

वारा आला. ज्याने तो असा अंगावर घेतला नाही त्याला सांगून कळायचं नाही. म्हातारी खालून उसळायला लागली, प्रत्येक झोताला दांड्यांवरची मुलं पायाच्या बोटांवर यायची. डोळ्यांत माती. मी शेपटीवर आडवी, माझ्या बाजूला दोन मुली आणि दोन मुलं, पलीकडे धोंडिबा. तेवढ्यात मेधा नावाची एक मुलगी, अंगाने काडी, दांडी दुसऱ्याच्या हातात देऊन माझ्याकडे आली. “मावशी, आमची बस आडवी लावली तर? वारा अडेल ना?”

इतकी वर्षं मी वाऱ्यात काढली, पण हे मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी आमच्याकडे बस कुठली? “पळ,” म्हटलं. ती पळाली. ड्रायव्हर सहलीसाठी मांडलेल्या भटारखान्यात चहा पीत होता. बस चालू झाल्याचं मला दिसलं.

आणि तेव्हा निखिलला फोन आला. हात दांडीला, कानात वायर. फोन आपोआप उचलला गेला. पलीकडे त्याची कुणी मैत्रीण असावी. वाऱ्यात ऐकू जाईना म्हणून हा बेंबीच्या देठापासून ओरडला, “अगं सोड ना तो विषय. आत्ता नको. सोड. सोड म्हणतोय ना!”

सगळ्यांनी सोडलं.

सगळ्यांनी एकदम, शिकवल्यासारखं, आणि बाजूला झाले. धोंडिबासुद्धा. त्याला वाऱ्यात आवाज कुणाचा ते कळलं नाही, शब्द तेवढा कळला. मला शब्दच खोटा वाटला. सर मरताना देखील कुणाला ‘सोड’ म्हणणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सोडलं नाही. आणि निखिलनेही सोडलं नाही, कारण त्याच्या मते कुणी काही म्हणालंच नव्हतं. तो आपला दांडीला लटकून बोलत होता.

नेमका तेव्हा वारा वळला. मागून आला. शेपटी उठली आणि तिच्यासकट मी उठले. पाय सुटले, खाली गवताचा ढीग दिसला, मग ढिगाचा वरचा भाग दिसला. पंखा जमिनीत घुसला, इंजिनाची बैठक मोडल्याचा आवाज झाला, निखिलच्या बाजूचा पंख टोकाकडून दुमडला आणि तो गडगडत बाहेर गेला. म्हातारी नाकावर उभी राहिली आणि डुलायला लागली. ती पुढे कलंडली असती तर पाठीवर पडली असती, आणि पाठीवर पडली असती तर पहिलं सरांचं डोकं जमिनीला लागलं असतं. सर आत पट्ट्यांना लोंबत होते, मान खाली. बोलत नव्हते. शेपटीच्या टोकाला फक्त मी. तेव्हा मला कळलं की काट्यावर माझं वजन बघून तो माणूस एवढा का खूष झाला होता.

“सर,” मी ओरडले. पेट्रोलचा वास यायला लागला.

आता लोक म्हणतात, गयाबाई, तुम्हाला भीती नाही वाटली? वाटली की. पण हात सोडून पडले असते तरी हाडं मोडलीच असती. धरून राहणं त्यातल्या त्यात सोयीचं होतं.

पहिला परत आला तो निखिल. वायर गळ्यात लोंबतेय, कोपर सोललेलं. त्याने उडी मारून माझ्या पायाला धरलं. “मावशी, मी धरतो, मी धरतो.” मी म्हटलं, “मला धरून काय करतोस, शेपटी धर.” मग सगळेच आले. कुणी माझ्या कमरेला, कुणी लुगड्याला, कुणी एकदाचं शेपटीला. आणि मेधाची बस मागून येऊन आडवी उभी राहिली. खोलीचं दार लावल्यासारखा वारा थांबला. सगळ्यांनी मिळून शेपटी खाली घेतली, मी गवतावर टेकले. शेपटीवरचा हात तसाच.

धोंडिबाने सरांचे पट्टे कापून त्यांना बाहेर काढलं. कपाळ फुटलं होतं. शुद्ध होती. त्याने त्यांना गवताच्या ढिगाला टेकवून बसवलं, कपाळाला रुमाल बांधला, पाणी पाजलं. वारा जसा आला तसा गेला. चार टपोरे थेंब पडले, तेही थांबले. लेंगा काठीवर गुपचूप लोंबत होता.

आम्ही धरून उभे होतो. पंखा वाकडा, इंजिन निखळलेलं, पंखाचं कापड फाटून आतल्या लाकडी फासळ्या दिसत होत्या. आता तिच्यावर शेळी बसली असती तरी ती हलली नसती. पण पंचवीस-तीस पोरं दांड्यांना, शेपटीला, जिथे जागा मिळेल तिथे हात लावून उभी. एकही हात निघत नव्हता. एकदा चुकले होते ना.

मेधा बसमधून उतरून आली आणि तीही धरायला लागली. हळूच म्हणाली, “मावशी, वारा तर गेला.”

“गेला.”

“मग अजून धरायचं?”

“सर म्हणाले नाहीत.”

सर म्हातारीकडे बघत होते. नाकापासून शेपटीपर्यंत बघितलं, परत नाकाकडे गेले. मग आमच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. त्यांना कळलेलं मलाही कळलं होतं. मुलांना नव्हतं. मुलांना वाटत होतं, सरांना लागलंय म्हणून बोलवत नाही. पोरांच्या कपाळावरून मातीचे ओघळ येत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी धोंडिबा त्यांच्याजवळ वाकला. “सर, पोरं दमल्याती. म्हना की आता.”

सर उठले. शर्ट बाहेर आला होता, तो नीट खोचला. कपाळावरचा रुमाल काढून खिशात ठेवला. उडायच्या आधी धावपट्टीच्या टोकाला म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, “सोडा.”

कुणी सोडलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. निखिल माझ्या शेजारीच होता. त्याने विचारलं, “मावशी, हे सरांचंच ना?”

“सरांचंच आहे, बाबा.”

मी आधी हात काढला. मग सगळ्यांनी.